लेक संशोधनासाठी स्वालबार्डला निघाली आहे, तिथे राहून आलेल्यांनी कृपया सांगावे

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते आहे. जुलैत ती महिनाभर 'हिमाद्री'ला, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ऑलेसुंड गावातल्या भारतीय केंद्रात जाणार आहे. तिथल्या फ्योर्डमधलं (हिमनद्यांनी कोरलेल्या खाडीतलं) पाणी आणि तळाचा गाळ आणून त्यातले जिवाणू तपासायचे, एवढं मला समजलं. ती सांगते, पण घाईघाईत. परवा जेवताना म्हणाली, तिथे मोबाइलचं वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं आणि ध्रुवीय अस्वलांमुळे गावाबाहेर बंदुकीशिवाय पाऊल टाकायचं नाही. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला घरात छातीएवढं पाणी होतं. सासूबाई तेव्हापासून पावसाळाभर उशाशी बॅटरी घेऊन झोपतात. त्या विचारतात, इथलं पाणी सोडून पोरगी तिकडचं पाणी कशाला तपासते? मला उत्तर देता आलं नाही. तिच्याशी बोलणं होईल का, अस्वलांचं काय आणि सासूबाईंना काय सांगू, एवढं कोणी सांगेल का?

खारं_पाणी

ताई, मी २०१५ आणि २०१७ चे उन्हाळे तिथे काढलेत, पाण्याच्या नमुन्यांच्याच कामावर. आता वास्कोत असतो. जमेल तेवढं सांगतो.

बोलणं होईल, काळजी नको. गावाच्या २० किलोमीटर परिसरात वायफाय आणि ब्लूटूथ बंद असतं, कारण तिथे मोठ्या अँटेना आहेत. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारांकडून (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांकडून) येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत त्या टिपतात, आणि त्यावरून पृथ्वीचं फिरणं नेमकं मोजलं जातं. आपल्या खिशातला फोन त्यांच्या कानात ओरडल्यासारखा. पण केबल लावलेलं इंटरनेट चांगलं चालतं. लॅपटॉपला केबल जोडली की व्हिडिओ कॉल होतो. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. आपल्याकडे रात्री साडेनऊ म्हणजे तिथे संध्याकाळचे सहा.

अस्वलं आहेत, हे लपवत नाही. म्हणून तर गावाबाहेर जाणाऱ्यांना रायफल आणि फ्लेअर पिस्तुलाचं (अस्वलाला पळवायला झगझगीत दारू उडवणाऱ्या पिस्तुलाचं) प्रशिक्षण देतात, नेम धरून गोळ्या झाडायला लावतात. एकट्याने जायचं नाही, जाताना कुठे आणि किती वाजेपर्यंत ते नोंदवायचं, वॉकीटॉकी सोबत. गावातल्या दारांना कुलूप नसतं, अस्वल दिसलं तर जवळच्या कुठल्याही घरात शिरता यावं म्हणून. दोन उन्हाळ्यांत मला अस्वल एकदाच दिसलं, तेही दुर्बिणीतून, पलीकडच्या किनाऱ्यावर. रोजचा त्रास सुरय नावाच्या समुद्रपक्ष्यांचा. वाटेच्या कडेला त्यांची घरटी असतात आणि ते थेट डोक्यावर चोच मारतात. हातात काठी घेऊन ती डोक्याच्या वर धरायची, मग ते काठीच्या टोकावर झेपावतात.

आता आजींचा प्रश्न. तो खरा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथली खाडी म्हणजे कोंग्सफ्योर्ड. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते ती दाभोळची खाडी आजींनी पाहिली असेल, तसाच जमिनीत शिरलेला समुद्र, फक्त हिमनद्यांनी कोरलेला. बऱ्याच फ्योर्डांच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरा असतो, तो बाहेरचं पाणी अडवतो. कोंग्सफ्योर्डला तसा अडवणारा उंबरा नाही. त्यामुळे अटलांटिकचं कोमट, खारट पाणी सरळ आत येतं. पूर्वी हिवाळ्यात ही खाडी बऱ्यापैकी गोठायची. २००६ पासून बहुतेक हिवाळे तिचा मोठा भाग उघडाच राहतो. समोर ब्लोमस्ट्रांडहाल्वोया नावाचं बेट आहे. 'हाल्वोया' म्हणजे द्वीपकल्प. नाव ठेवलं तेव्हा ते हिमनदीने जमिनीला जोडलेलं दिसत होतं. हिमनदी मागे सरली आणि १९९० च्या दशकात कळलं की हे तर बेट आहे. मी त्या फटीतून बोटीने गेलोय. नकाशावरचं नाव खोटं ठरलेलं डोळ्यांनी बघताना पोटात कसंतरी होतं.

तुमच्या लेकीच्या बाटलीतून चिपळूणचा पूर सांगता येणार नाही, हे आजींना स्पष्ट सांगा. पण आर्क्टिकचा बर्फ कमी झाला की वरचं वारं बदलतं, आणि त्याचा आपल्या मान्सूनशी संबंध कसा लागतो याचा अभ्यास इथे वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातही होतो. रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला कमी बर्फ आणि मध्य भारतात सप्टेंबरात कोसळणारा अतिपाऊस यांचं नातं तिथल्या शास्त्रज्ञांनी मांडलं आहे. जुलै २०१४ मध्ये भारताने कोंग्सफ्योर्डमध्ये 'इंडआर्क' नावाची उपकरणांची माळ सुमारे १९२ मीटर खोलीवर सोडली. माणसं परतल्यावरही हिवाळाभर पाण्याचं तापमान आणि खारटपणा तिच्यात नोंदला जातो. आणि गोडं पाणी, गाळ, उष्णता वाढली की आधी बदलतात ते जिवाणूच. तुमची मुलगी ती बाजू बघणार आहे.

तिला एक माझ्याकडून सांगा. पहिल्या उन्हाळ्यात मी नमुन्यांच्या पिशव्यांवर मार्करने नावं घातली. हिमनदीच्या तोंडाशी पाणी गढूळ, विटकरी असतं, गाळणीचा कागद लगेच तुंबतो, एकेक लिटर गाळायला तास जातो. रात्री दोनपर्यंत गाळत बसलो होतो, बाहेर लख्ख ऊन. सकाळी बघतो तर अकरा पिशव्यांवरची शाई पुसलेली. कुठली पिशवी कुठल्या ठिकाणची, कळेना. अकराही टाकून दिल्या. त्या दिवसाचं पाणी परत मिळत नाही ताई. पुढच्या वर्षी त्याच जागी गेलं तरी ते वेगळंच पाणी असतं. त्यानंतर मी प्रत्येक पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत टाकतो, बाहेर काहीही लिहिलेलं असो.

फ्योर्डपलीकडे

मी नॉर्वेत राहते. दोन गोष्टींची भर घालते. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर आजच बदलायला सांगा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात नाही, त्यामुळे परत येताना ओस्लो किंवा ट्रोम्सोला उतरणं म्हणजे दुसरा प्रवेश धरला जातो.

दुसरं, तिथे घरात शिरताना बूट दाराशी काढतात. खाणकामगारांच्या काळापासूनची रीत, कोळशाची भुकटी आत येऊ नये म्हणून. नी-ऑलेसुंड खाणीचंच गाव होतं. नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि मग खाण कायमची बंद झाली. तेव्हा घरात घालायला लोकरी मोजे द्या, दोन जोड. आणि १९४६ पूर्वीची माणसाने टाकलेली कुठलीही वस्तू, अगदी गंजका डबासुद्धा, कायद्याने संरक्षित आहे. आठवण म्हणून काही उचलू नये.

वाशिष्ठीकाठ

तुम्हा दोघांचे फार आभार. व्हिसा एकाच प्रवेशाचा निघाला, आजच तिने अर्ज केला.

दादा, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. उंबऱ्याचं त्यांना लगेच समजलं. दारांना कुलूप नसतं तिथे त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. पुरात आम्ही समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर असेच शिरलो होतो, कोणाचं घर ते न विचारता. मग म्हणाल्या, जाऊ दे पोरीला. मोजे त्या स्वतः विणायला बसल्यात.

एक विचारायचं राहिलं. पेन्सिल एचबी घ्यायची की टूबी?

खारं_पाणी

टूबी. ओल्या कागदावर एचबी ओरखडते आणि उमटत नाही. अर्धा डझन द्या, बोटीत हातमोजे घातलेल्या हातातून दोन-तीन तरी पडतात.