तलाव बारमाही काठोकाठ भरायचे, की रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी काठ उथळ ठेवायचा?

येरळाकाठ:
साताऱ्याच्या खटाव-माणात उरमोडी आणि टेंभू योजनांचं पाणी आलं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. माझं लहानपण टँकरमागं कळशी घेऊन धावण्यात गेलंय. तरीही एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपले मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी हे तलाव 2021 पासून पक्षी संवर्धन राखीव आहेत. परवा सकाळी सूर्याचीवाडीला गेलो. पाणी पार बाभळींच्या बुंध्याला लागलेलं. वारकरी, लालसरी ही पोहणारी पाखरं भरपूर होती, पण रोहित एकही नाही. उथळ पाण्यात चालणारे शेकाट्या नाहीत, चमचे नाहीत.

ज्यांनी रोहित जवळून बघितलाय त्यांना कारण सांगायला नको. तो मान खाली घालतो आणि चोच उलटी करून पाण्यात धरतो. एका जागी पाय आपटत चिखल ढवळत गोल फिरतो आणि चोचीतल्या जाळीतून गाळून शेवाळ, बारीक किडे खातो. पाणी ओसरलं की चिखलात परातीसारखी गोल वर्तुळं उमटलेली दिसतात, मधे उंचवटा राहिलेला. हे सगळं गुडघाभर पाण्यात. दोन पुरुष पाण्यात तो पाय कुठं टेकवणार?

माझं म्हणणं एवढंच आहे, की डिसेंबर ते मार्च आवर्तन सोडताना तलावाची एक बाजू तरी उथळ राहील एवढी पातळी ठेवा.

कातरखटावचा शेतकरी:
दादा, राग मानू नका, पण हे वाचून पोटात कालवलं. तीन पिढ्या पाण्यासाठी भांडलो तेव्हा कुठं पाटाला पाणी आलं. आता पाखरांसाठी तलाव अर्धा ठेवा म्हणताय? उन्हाळ्यात विहिरींना पाझर कुठनं यायचा? मे महिन्यात जनावरं दावणीला कुणी सांभाळायची?

आणि पाखरांचा त्रासही लिहा की. तुमचे ते पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, कौतुकच आहे. पण रात्री माझ्या हरभऱ्यात उतरतात. सकाळी जाऊन बघावं तर वीतभर रोपांचे शेंडे खुडलेले, वाफ्यात विष्ठा पडलेली. भरपाईचा अर्ज केला, त्याला वर्ष झालं.

येरळाकाठ:
काका, हरभऱ्याचं नुकसान खरं आहे, ते मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. यावर एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात रिओ ग्रांदे नदीकाठी बोस्के देल अपाचे नावाचं पक्षी आश्रयस्थान आहे, 1939 साली झालेलं. तिथला पाऊस आपल्या माणपेक्षाही कमी. 1941 मध्ये तिथं हिवाळ्यात फक्त 17 सँडहिल क्रौंच मोजले होते, आता हजारोंनी उतरतात. तिथं पाणी बारमाही तुंबवून ठेवत नाहीत. दारं लावून वाफे पाडलेत. उन्हाळ्याकडं वाफा रिकामा करतात, ओल्या चिखलात गवत उगवून बी धरतं, आणि पाखरं यायच्या वेळेला त्यावर पाणी सोडतात. क्रौंच रात्री त्याच उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. शिवाय पाखरांसाठी वेगळा मका पेरतात, म्हणजे ती आजूबाजूच्या शेतात कमी घुसतात.

कातरखटावचा शेतकरी:
तिथं हजारो एकर जमीन सरकारची. इथं तलावाच्या काठाला लागून माझे पावणेदोन एकर. पाखरांसाठी मका पेरायचा तर बियाणं कुणाचं, राखण कुणाची? आज पातळी ठेवा म्हणाल, उद्या मोटर काढा म्हणाल. सोलापूर-नगरकडं माळढोकचं काय झालं विसरलात? 1979 ला अभयारण्य केलं ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. माणसांना स्वतःची जमीन विकता येईना. ती हद्द कमी व्हायला 2012 उजाडलं.

वडूजची वकील:
काका, माळढोकची भीती रास्त आहे, पण इथं अभयारण्याचे ते जमिनीचे निर्बंध लागत नाहीत. अभयारण्य वेगळं, संवर्धन राखीव वेगळं. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं कलम 36-अ आलं. ते फक्त सरकारी मालकीच्या जागेला लागू होतं, तुमचे पावणेदोन एकर त्यात येत नाहीत. व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी घ्यावाच लागतो. पातळी किती ठेवायची, हरभऱ्याची भरपाई कशी द्यायची, हे प्रश्न तिथं लेखी मांडा. गावानं नाव पाठवलं नाही तर खुर्ची रिकामी राहते आणि निर्णय आपल्याशिवाय होतात.

मायणीकर:
दोघंही एक गोष्ट विसरताय. गाळपेर! पाणी ओसरलं की तलावाच्या पोटातल्या ओल्या जमिनीवर आमचे आजोबा हरभरा, कलिंगड करायचे. खत नाही, पाणी नाही, नुसत्या ओलीवर पीक. तलाव सतत भरलेला राहिला तेव्हा रोहित गेले आणि गाळपेरही गेली. पाणी हळूहळू उतरणं पाखरालाही लागतं आणि गाळपेर करणाऱ्यालाही. फक्त फवारणी बंद ठेवायला हवी, नाहीतर औषध चिखलातनं थेट पाखराच्या पोटात जाईल.

भरलेला तलाव हवाय तो मासेमारीच्या ठेक्याला. त्यांचंही पोट आहे, पण उथळ बाजूला जाळी लावू नये, एवढं तरी पाळा. गेल्या हिवाळ्यात जाळ्यात अडकलेला शेकाट्या मी सोडवलाय. तांबडे लांब पाय दोऱ्यात गुंडाळलेले, एक पंख भिजून चिकटलेला. कात्रीनं एकेक दोरा कापत अर्धा तास गेला. सोडला तेव्हा उडाला नाही, चालत चालत पाण्यात गेला.

कातरखटावचा शेतकरी:
गाळपेरीचं माझ्या ध्यानातच नव्हतं. आमच्या बाची पण होती, तलावाच्या उगवतीच्या अंगाला. एक बाजू उथळ ठेवायला माझी ना नाही, पण दोन गोष्टी कागदावर पाहिजेत. पिण्याच्या पाण्याचा साठा आधी बाजूला काढायचा, त्याला हात लावायचा नाही. आणि हरभऱ्याचा पंचनामा आठ दिवसांत झाला पाहिजे. एवढं होत असेल तर ग्रामसभेत हात मी वर करीन.

येरळाकाठ:
दोन्ही मान्य. काका, रविवारी उजाडायला सांडव्याजवळ या. सोबत काठी आणि दोरी आणतो. उगवतीच्या अंगाला कुठं गुडघाभर पाणी आहे आणि कुठं कमरेइतकं, ते मोजून खुणा करू, म्हणजे ग्रामसभेत दाखवायला हातात काहीतरी राहील. नंतर तुमचा हरभरा बघायला येतो.