टाइल्स न फोडता बाथरूमला इपॉक्सी: मारावं की नाही?

इंदिरानगरकर: अठरा वर्षांचा फ्लॅट. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे काळे पडलेत, पलीकडे बेडरूमच्या भिंतीला पोपडे आलेत. फोडाफोड केली तर अंघोळीला शेजारी जायची पाळी. मिस्त्री म्हणतो, वरून इपॉक्सीचे (दोन भाग कालवून लावायचं, वाळल्यावर कडक होणारं कोटिंग) दोन हात मारू, काचेसारखं होईल. माझं मत, मारावं. विरोध असेल तर कारणासकट बोला.

अंबडचा_फ्लोअरवाला: मारा बिनधास्त. एमआयडीसीत हेच काम करतो. फक्त टाइलची चकाकी 80 नंबरच्या पेपरने पूर्ण घालवा, साबणाचा थर काढा, नाहीतर साल निघावी तसं निघेल. इपॉक्सीचे दोन्ही भाग, रेझिन आणि हार्डनर, काट्यावर मोजून, अंदाजपंचे नाही. थोडं थोडं कालवा; जास्त कालवलंत तर डब्यातच तापून दगड होतो. आणि थंडीत नको. पारा 10 च्या खाली गेला की साधं इपॉक्सी वाळता वाळत नाही.

पंचवटीची_सून: मी पूर्ण विरोधात. आमच्या वाड्यातल्या न्हाणीला मारलं होतं. श्रावणात लिंबाएवढे फुगे आले. एकाला टाचणी टोचली तर चिकट पाणी ओघळलं, बोटाला मीठ लागावं तसं. चुन्याची भिंत मागून ओल ओढत होती आणि आम्ही पुढून तिचं तोंड दाबलं. कोटिंग निघालं ते गिलाव्याची खपली घेऊनच.

इंदिरानगरकर: ताई, तो वाडा. माझी आरसीसी बिल्डिंग आहे.

पंचवटीची_सून: मग तुमची वीट काय पाणी पीत नाही? पोपडे बेडरूमला आहेत ना? पाणी सांध्यातून जातंय की आतल्या पाइपातून, ते बघितलंत का? पाइप गळत असेल तर कोटिंग म्हणजे नुसता मेकअप.

गंगापूररोड_७: खिडकीतून ऊन येत असेल तर इपॉक्सी पिवळं पडतं. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग घ्या, लवचिकही असतं.

अंबडचा_फ्लोअरवाला: सगळं पीयू उन्हात टिकत नाही, अ‍ॅलिफॅटिक मागा. आणि ओल्या भिंतीवर तेही नको. त्यातला आयसोसायनेट पाण्याशी मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, बुडबुडे येतात. ताईंचा मुद्दा मात्र बरोबर आहे, मी विचारायला हवं होतं. आधी प्लंबरचा हातपंप लावून पाइपाचं प्रेशर बघा. पाइप ठीक निघाला तर सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, कदाचित तेवढ्यावरच भागेल.

इंदिरानगरकर: आज पंप लावला. अर्ध्या तासात काटा निम्म्यावर. गळतोय तो गीझरखालचा एल्बो, पाइपाच्या वळणाचा जोड. चार टाइल्स फुटणारच. पण उरलेल्या भिंतीला इपॉक्सी मारणार म्हणजे मारणार.

पंचवटीची_सून: मारा. पण आधी बेडरूमच्या भिंतीवर हातभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर डबा उघडू नका.

इंदिरानगरकर: डबा कालच आणलाय हो.