हँडिकॅप म्हणजे 'अडथळ्यांची शर्यत' नव्हे!

टोटखिडकी:
कालपासून एक यादी फिरते आहे, 'घोड्यांच्या शर्यतीचे शब्द, आता सोप्या मराठीत'. चाळीस शब्द आणि समोर मराठी अर्थ. लोक कौतुकाने पुढे पाठवतायत. मी एकवीस वर्षं पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात महालक्ष्मीला रेस बघतो. यादी वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

हँडिकॅप म्हणजे म्हणे 'अडथळ्यांची शर्यत'. अहो, अडथळे आहेत कुठे? हँडिकॅप म्हणजे वजन. चांगल्या घोड्यावर जास्त, कच्च्या घोड्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना जिंकायची सारखी संधी. घोड्याला कामगिरीवरून गुण देतात ते रेटिंग, आणि रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. हा शब्द इंग्लंडातल्या एका जुन्या सौद्याच्या खेळातून आला. दोघं वस्तूंची अदलाबदल करायचे, वर किती पैसे द्यायचे ते पंच ठरवायचा, आणि ते दोघं टोपीत हात घालून होकार-नकार कळवायचे. अपंगत्वाचा अर्थ त्याला खूप नंतर चिकटला.

मेडन म्हणजे 'कुमारी घोडी'. साफ चूक. अजून एकही रेस न जिंकलेला तो मेडन. नर असो, मादी असो, खच्ची केलेला असो.

'घोडा 16 हात उंच.' रेसवाल्यांचा हँड म्हणजे चार इंच. मराठी हात कोपरापासून बोटांपर्यंत, दीड फूट. म्हणजे 24 फुटांचा घोडा झाला!

इथवर मी सोडून दिलं असतं. पण एसएचपीसमोर, म्हणजे 'सेकंड हॉर्स पूल' या पैजेसमोर लिहिलंय, 'घोडा पहिल्या दोनांत आला तर पैसे'. हे वाचून कुणीतरी खरंच पैसे लावेल. एसएचपीला घोडा बरोबर दुसराच यावा लागतो. पहिला आला तरी तुमचे पैसे गेले. मागच्या पुणे सीझनला माझ्या पुढे एक विशीतला मुलगा होता. त्याचा घोडा जिंकला, पोरगं मित्रांच्या गळ्यात पडलं, धावत खिडकीवर आलं. खिडकीवरच्या माणसाने तिकीट परत सरकवलं. पोराने ते उलटंपालटं करून दोनदा पाहिलं, मग घडी घालून खिशात ठेवलं. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

माझं म्हणणं एवढंच, की रेसचे शब्द इंग्रजीच राहू द्या आणि अर्थ चोख सांगा. इथे शब्द चुकला की खिसा कापला जातो. मराठीचं प्रेमच असेल तर पागेतले शब्द वाचवा. खरारा, तोबरा, नालबंद, मोतद्दार, अबलख, पंचकल्याणी. यातला एकही त्या यादीत नाही. खराऱ्याला 'ग्रूमिंग' लिहिलंय.

यादीवाला:
यादी मी केली. चुका झाल्या, हात आणि एसएचपी आजच दुरुस्त करतो. पण तुमचा सूर असा आहे, की इंग्रजी येत नसेल तर रेसकडे फिरकू नका.

माझे मोठे काका गिरणीत होते. रविवारी महालक्ष्मी स्टेशनला उतरून चालत जायचे. मराठी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस, पण रेसचं पुस्तक इंग्रजीत. म्हणून गेटबाहेर एकाला चहा पाजून त्याच्याकडून वाचून घ्यायचे. तो सांगेल तो अर्थ. त्या माणसाचे बुकीशी लागेबांधे होते हे घरात सगळ्यांना कळलं, काकांना शेवटपर्यंत पटलं नाही. पुस्तक मराठीत असतं तर त्या माणसाची गरजच पडली नसती. तुम्ही म्हणता अर्थ चोख सांगा. एकवीस वर्षांत किती जणांना सांगितलात?

टोटखिडकी:
विचारलं त्या प्रत्येकाला सांगितलं. काकांचं वाईट वाटलं. पण टानाला म्हणजे पहिले तीन घोडे क्रमाने ओळखायची पैज. उद्या तुम्ही तिला 'त्रिक्रम' म्हणाल, आणि खिडकीवर जाऊन 'एक त्रिक्रम द्या' म्हटलं तर तिकीट कोण देईल? तिथे बोर्डावर टानालाच लिहिलेलं असतं.

सईसाची लेक:
दोघांनाही सांगते. माझे वडील महालक्ष्मीच्या तबेल्यात सईस, म्हणजे घोडा सांभाळणारे होते. आम्ही घरी 'मोतद्दार' कधीच म्हटलं नाही, तो शब्द मी शाळेच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचला. तबेल्यात मराठी होती, पण तिच्यात गॅलप, पॅडॉक, फिली म्हणजे तरुण घोडी, कोल्ट म्हणजे तरुण घोडा, सगळं मिसळलेलं. 'फिली आज चारा सोडतेय' असं वडील म्हणायचे, आणि आईला कळायचं की उद्या ते उशिरा येणार. तेव्हा टोटखिडकी, तुम्ही वाचवायला निघालात ते शब्द सरदारांच्या पागेतले. आमचे नाहीत.

आणखी एक. यादीत 'डर्बी: तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत' असं आहे आणि ते कुणीच पकडलं नाही. ते इंग्लंडात. एप्समची डर्बी 1780 पासून, हल्ली जूनमध्ये होते. आपली इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, 2400 मीटर, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. आपल्याकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला धरतात. डिसेंबरअखेर तीनचा असलेला घोडा दुसऱ्या दिवशी चारचा होतो. 1943 ची पहिली इंडियन डर्बी एका फिलीने जिंकली, प्रिन्सेस ब्युटिफुल. माझे वडील तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ते नाव असं घ्यायचे जसं काही तिला त्यांनीच पाणी पाजलंय.

गिरगावकर:
शब्दांचं काय घेऊन बसलात? रेसमध्ये एकच शब्द खरा, 'ओढला'. गेल्या वेळी पाच लेंग्थने, म्हणजे पाच घोड्यांच्या लांबीने जिंकलेला घोडा, भाव पडलेला, सगळ्या पब्लिकचे पैसे त्याच्यावर, आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जॉकी लगाम धरून बसतो. सगळं आधीच ठरलेलं असतं.

टोटखिडकी:
घोडं पेंड खातं ते इथेच. हँडिकॅपचा अर्थ माहीत नसला की प्रत्येक हरलेला फेव्हरिट 'ओढलेला' दिसतो. पाच लेंग्थने जिंकला म्हणून त्याचं रेटिंग वाढलं. आठ पॉइंट वाढले तर चार किलो जास्त, किंवा मग थेट वरचा क्लास. तोच घोडा, पण खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या वाढलेल्या. तो मागे पडणारच.

गिरगावकर:
मला शिकवू नका. मी दुर्बिणीतून बघतो, जॉकीचे हात दिसतात मला.

सईसाची लेक:
हात तुम्हाला दिसले, पाय दिसले का? वडिलांकडे एक घोडा होता, पुढचा उजवा पाय वळणावर धरायचा. पाय दुखावेल म्हणून जॉकीने त्याला सोडून दिलं, रेटलं नाही. स्टँडवरून बाटल्या आल्या. वडील त्याला धरून परत आणताना एक बाटली त्यांच्या खांद्याला लागली. 'चोर' म्हणून ओरडत होते लोक. रात्री वडील घोड्याच्या पायाला पट्टी बांधत बसले आणि त्यांच्या खांद्याला आई शेकत होती. 'ओढला' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता.

गिरगावकर:
वडिलांना लागलं ते चुकीचंच, ताई. पण कधीच ओढत नाहीत असं शपथेवर सांगाल?

सईसाची लेक:
नाही सांगणार. रेटिंग खाली यावं म्हणून घोडा राखून धरतात, हे मी तबेल्यात ऐकलंय. स्ट्युअर्ड, म्हणजे रेसवर देखरेख करणारे अधिकारी, चौकशी करतात, जॉकीला घरी बसवतात, ते उगाच नाही. पण दहा वेळा ओरडता त्यातलं एखाद्या वेळी खरं असतं. उरलेल्या नऊ वेळी घोडा बिचारा दमलेला असतो.

गिरगावकर:
एखाद्या वेळी नव्हे, चारदा तरी. तुम्ही म्हणताय म्हणून पाचदा म्हणत नाही.

कोथरूडची सून:
इतका वेळ वाचतेय. तुम्ही सगळे शब्दांवर भांडताय आणि ते शब्द कशासाठी आहेत हे कुणी बोलत नाही. जुगारासाठी. सोपे करून द्याल तर आणखी चार पोरं जातील. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने रेस म्हणजे कौशल्याचा खेळ म्हटलं, ते मला माहीत आहे, कृपा करून कुणी ऐकवू नका. माझ्या वडिलांना यातला प्रत्येक शब्द येत होता. विन, प्लेस, फोरकास्ट, जॅकपॉट, घोड्याचा बाप कोण, आई कोण. मला शाळेच्या फीसाठी दोन महिने वर्गाबाहेर उभं केलं होतं.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते, नऊ-दहा वर्षांची असेन. त्यांचा घोडा दुसरा आला. त्यांनी तिकीट टराटरा फाडून खाली टाकलं. मग ऑब्जेक्शन लागलं, पहिला आलेला आडवा घुसला होता, निकाल फिरला आणि त्यांचा घोडा पहिला झाला. माझे वडील, बँकेत कॅशियर असलेला माणूस, इस्त्रीच्या पँटवर गुडघे टेकून फाटक्या तिकिटांच्या ढिगात हात घालून शोधत होते. सगळे तुकडे एकाच रंगाचे. मला म्हणाले, तूही बघ. मी पण बसले शोधायला. तीन तुकडे मिळाले, चौथा नाही. खिडकीवर घेतलं नाही.

टोटखिडकी:
ताई, यावर मी काय बोलू? मी महिन्याला ठरलेली रक्कम बाजूला काढतो आणि ती संपली की नुसता बघतो. पण तसं सगळ्यांना जमत नाही हे मलाही दिसतं. एकच वाटतं, की शब्द न कळणारा आणखी लवकर बुडतो.

कोथरूडची सून:
कळणारा सावकाश बुडतो. घरच्यांना दोन्ही सारखंच.

यादीवाला:
ताई, यादी काढून टाकावी असं एकदा मनात आलं. पण ती पुढे गेलीय, चुकीच्या अर्थांसकट. म्हणून दुरुस्त करून टाकतो. टोटखिडकींचं मानतो, इंग्रजी शब्द तसेच ठेवतो आणि फक्त अर्थ मराठीत लिहितो. तबेल्याचे शब्द सईसाच्या लेकीने सांगावेत, त्यात 'सईस' पहिला. 'वेड इन'पाशी अडलोय. रेसनंतर जॉकीला खोगिरासकट पुन्हा वजनकाट्यावर उभं करतात, वजन जुळलं आणि ऑब्जेक्शन नसलं की निकाल पक्का. हे एका ओळीत कसं मांडू?

टोटखिडकी:
'वेड इन: निकाल पक्का झाल्याची खूण. त्याआधी पैसे मिळत नाहीत.'

कोथरूडची सून:
रेसला जा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण यादी टाकणारच असाल तर त्या ओळीपुढे लिहा, 'तोवर तिकीट फाडू नये.'