कपाळावरच्या आठ्या घालवायला सुई टोचून घ्यावी का?

शेवंती
गेल्या महिन्यात माझ्या भाच्याची मुंज झाली. मुंजीच्या तीन आठवडे आधी माझ्या धाकट्या बहिणीने बोटॉक्स, म्हणजे सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन, करून घेतलं, दोन भुवयांच्या मध्ये आणि डोळ्यांच्या कडेला. वय 41. फोटो सुरेख आले, ते मान्य. पण मातृभोजनाला लेक तिच्याजवळ जेवायला बसला तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि कपाळ मात्र कोऱ्या कागदासारखं. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "हिला बरं वाटत नाहीये का गं?" ते माझ्या मनातून जात नाही.

धडधाकट बाईने हे करू नये असं माझं ठाम मत आहे. परिणाम तीन-चार महिने टिकतो, म्हणजे वर्षाला तीन खेपा. चाळिशीत सुरू करून साठीपर्यंत नेलं तर साठ वेळा सुया! कशासाठी? आणि आता माझी 19 वर्षांची मुलगी विचारते, "मावशीसारखं आत्तापासूनच केलं तर सुरकुत्या पडणारच नाहीत ना?" मी हा विषय काढला तो त्यासाठी.

कुंदा_शिक्षिका
शेवंतीताई, मी केलंय आणि पुन्हा करणार आहे. वय 52. माझ्या भुवयांच्या मध्ये अकरा आकड्यासारख्या दोन खोल रेघा होत्या. पालकसभेत मी तोंड उघडायच्या आत पालक बावरायचे. शिपाईमामा रोज विचारायचे, "बाई, काही चुकलं का?" मी चिडलेली नसायचे हो! तीस वर्षं फळ्याकडून वर्गाकडे आणि वर्गाकडून फळ्याकडे डोळे बारीक करून बघितलं, त्याच्या त्या रेघा.

डॉक्टरांनी समोर बसवून "खूप रागावल्यासारखं करा" म्हटलं, पांढऱ्या पेन्सिलीने पाच ठिपके काढले आणि प्रत्येक ठिपक्यावर चार युनिट, इन्सुलिनची असते तसल्या बारीक सुईने. मुंगी चावावी इतकंच. तीन दिवस काहीच फरक नाही, पाचव्या-सहाव्या दिवशी आठी पडेनाशी झाली. आठ हजार खर्च आला, माझ्या पगारातून. आपण केस काळे करतो तेव्हा कुणी त्याला खोटेपणा म्हणत नाही. आणि बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी तुम्हाला दिसलंच ना? मग कपाळाची साक्ष कशाला हवी?

नेपथ्य
हवी असते, कुंदाताई. मी बावीस वर्षं हौशी नाटकं बसवतोय. रडण्याच्या प्रवेशात पाणी कुणालाही काढता येतं, पण ते येण्याआधी भुवया जवळ येतात, तिथे प्रेक्षक धरला जातो. यंदा एका गुणी अभिनेत्रीला आईची भूमिका दिली. तालमीत मी सारखा म्हणत होतो, "बातमी कळल्याचं दिसत नाहीये." आठवड्याने तिनेच सांगितलं की इंजेक्शन घेतलंय. आवाज लागत होता, हात बोलत होते, भुवया हलतच नव्हत्या. आम्ही तो प्रवेश पाठमोरा बसवला.

दुसरं म्हणजे, हे फक्त बघणाऱ्यापुरतं नाही. 2010 मध्ये अमेरिकेत डेव्हिड हावस आणि सहकाऱ्यांनी आठीचं इंजेक्शन घेतलेल्या बायकांना वाक्यं वाचायला दिली होती. दुःखाची आणि रागाची वाक्यं समजायला त्यांना इंजेक्शनच्या आधीपेक्षा जास्त वेळ लागला, आनंदाच्या वाक्यांना नाही. फरक बारीक होता, पण दुसऱ्याचं दुःख समजून घेण्यात आपल्या कपाळाचाही वाटा असेल तर तो गमवावा का?

त्वचेचं_बोलू
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, हे उपचार करते, तेव्हा माझी बाजू कुठली ते उघडच आहे. तरी थोडं सांगते.

हे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम जंतूचं विषच आहे, पण अत्यंत सूक्ष्म मात्रेत. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला जो निरोप जातो, तो असिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत. हे औषध ते रसायन सुटूच देत नाही. स्नायू सैल पडतो, वरची कातडी दुमडत नाही. टोकं हळूहळू पूर्ववत होतात आणि आठी परत येते. त्यामुळे हलल्यावर पडणाऱ्या रेघांवर हे उत्तम, चेहरा स्थिर असतानाही दिसणाऱ्या खोल रेघांवर कमी.

हा शोध सौंदर्यासाठी लागलाच नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर हे वापरत. 1989 मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी मान्यता मिळाली. व्हँकुव्हरला डॉ. जीन कॅरदर्स पापण्यांच्या रुग्णांना हे द्यायच्या. 1987 च्या सुमारास एका रुग्ण बाईंच्या लक्षात आलं की कपाळही मोकळं दिसतं. जीन यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचातज्ज्ञ, पुढचं काम दोघांनी मिळून केलं. अमेरिकेत भुवयांमधल्या आठीसाठी मान्यता 2002 ची, डोळ्यांच्या कडेसाठी 2013 ची, कपाळाच्या आडव्या रेघांसाठी 2017 ची.

नेपथ्य, तुमचं निरीक्षण खरं आहे. पण ती अभिनेत्री होती, मात्रा कमी हवी होती. थोडी हालचाल शिल्लक ठेवता येते, आणि ठेवावी. शेवंतीताईंच्या लेकीला माझ्याकडे आणलंत तर मी सुई उचलणार नाही. रोज सनस्क्रीन, उन्हात गॉगल आणि चष्म्याचा नंबर तपासणं, एवढंच सांगेन. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी हे घेऊ नये.

रानजाई
डॉक्टर, सगळ्याच जणी तुमच्यासारख्यांकडे जात नाहीत, घोळ तिथेच आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या ऑफरमध्ये एका पार्लरमध्ये आम्ही चौघी मैत्रिणी गेलो. "एक वायल चौघींत", म्हणजे औषधाची एक कुपी चौघींना, असा हिशेब. वायल आमच्यासमोर फोडली नाही, औषध फ्रिजमधून काढलं की पर्समधून तेही पाहिलं नाही. आठव्या दिवशी माझी डावी पापणी खाली आली, ती सहा आठवडे तशीच. स्कूटर चालवताना मान मागे टाकून बघायचे. बँकेत काउंटरला बसते मी, प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "मॅडम, पॅरालिसिस?" पार्लरवाली म्हणाली, "तुम्ही चोळलं असेल." शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, त्याने जरा उघडली.

त्वचेचं_बोलू
रानजाई, फार वाईट वाटलं वाचून. पापणी उतरणं चांगल्या हातांतही होतं, आठीसाठीच्या चाचण्यांत शंभरात तिघांच्या आसपास झालं होतं. ते आधी सांगायलाच हवं. पण वायलवरचं नाव आणि मुदत बघू न देणाऱ्याकडून उठून निघायचं, पैसे भरलेले असले तरी.

बाबांचा_मुलगा
माझ्या बाबांना तोच पापण्या मिटण्याचा विकार आहे. भर रस्त्यात डोळे मिटायचे, बोटांनी पापणी वर धरून घरी यायचे. दर तीन महिन्यांनी हेच इंजेक्शन घेतात आणि स्वतः पेपर वाचतात. म्हणून "विष, विष" ऐकलं की मला त्रास होतो. मात्र त्याच औषधाची साड्यांसारखी सेलमध्ये जाहिरात होते, तेव्हा त्याहून जास्त होतो. 19 वर्षांच्या मुलीला ते काजळासारखं वाटतं, ते त्या जाहिरातींमुळे.

शेवंती
सगळं वाचून काल बहिणीला फोन केला. आईचं वाक्यही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, आरशात मला आईच्या आठ्या दिसायला लागल्या होत्या. लहानपणी आपण त्या आठ्यांना किती घाबरायचो, आठवतं? माझ्या लेकाला तसं वाटायला नको होतं."

यावर मला बोलता आलं नाही. बहिणीला मी आता नावं ठेवणार नाही. पण लेकाने तिचा चेहरा वाचावा असं तिला वाटत असेल, तर तिथे काहीतरी उमटायला हवं, हे माझं मत तसंच आहे. मुलीला नाही म्हणून सांगितलंय. चष्म्याच्या दुकानात शनिवारी जातोय दोघी.

कुंदा_शिक्षिका
बहिणीचं कारण माझ्या कारणासारखंच निघालं की! मुलीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने. पण ती 45 ची झाली आणि तेव्हाही तिला हवं असलं, तर तुम्ही काय म्हणाल?

शेवंती
तेव्हाही माझ्या कपाळाला आठी पडेल, कुंदाताई. पण तिला अडवणार नाही.