मदत हवी आहे : कथेचा कच्चा खर्डा वाचणारा जोडीदार कसा शोधावा, कसा टिकवावा?

मुक्कामी_गाडी

नमस्कार. मी कराडला राहते, गेली पाच वर्षं कथा लिहिते. दोन कथा दिवाळी अंकांत आल्या, सात साभार परत आल्या. परत आलेल्या कथेसोबत कारण येत नाही, त्यामुळे ती कुठे फसली ते कळायला मार्ग नाही. घरी वाचून दाखवते. आई ऐकता ऐकता डोळे पुसते. तिचं ते डोळे पुसणं मला फार मोलाचं आहे, पण त्यावरून तिसऱ्या पानावर काय बदलायचं ते समजत नाही.

मला हवा आहे खर्ड्याचा जोडीदार. स्वतः लिहिणारा, माझं छापायला जायच्या आधी वाचणारा, आणि ज्याचं मी तितक्याच मनापासून वाचेन असा. तीनदा प्रयत्न केला.

पहिल्यांदा लिहिणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन हजार शब्दांची कथा टाकली. दोन मिनिटांत 'अप्रतिम', 'भिडली' सुरू झालं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण एवढ्या वेळात ती वाचून होणं शक्य नव्हतं.

दुसरे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी प्रिंट काढून लाल पेनाने अख्खी कथा तपासली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवल्या, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण माझा कंडक्टर विचारतो, 'डबा आला न्हाई व्हय आज?' तिथे त्यांनी केलं, 'आज डबा आला नाही का?' सगळेच संवाद असे सरळ केले. वाचताना मला माझीच माणसं ओळखू येईनात.

तिसरी माझी जुनी मैत्रीण. तिची २८० पानांची कादंबरी मी महिनाभरात वाचली आणि नऊ पानं टिपणं लिहून पाठवली. त्यात एक वाक्य होतं, 'पहिली ६० पानं काढून टाकता येतील.' त्यानंतर सहा महिने ती माझ्याशी बोललेली नाही. माझी कथा तिच्याकडे तशीच पडून आहे. त्याचं काही नाही, पण ती दुखावली हे मला फार लागलंय. मी खोटं लिहिलं नव्हतं. मग चुकलं कुठे?

सध्या एसटीच्या मुक्कामी, म्हणजे रात्री गावातच थांबणाऱ्या, गाडीवरच्या कंडक्टरची कथा लिहितेय. वडील कंडक्टर होते, त्यामुळे विषय घरचा आहे आणि म्हणूनच मला तो बाहेरून दिसत नाही. असा जोडीदार कुठे शोधायचा, सुरुवातीला काय ठरवून घ्यायचं, आणि समोरच्याच्या लिखाणातलं न आवडलेलं कसं सांगायचं? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दुसरा_हात

ताई, आधी मैत्रिणीचं. '६० पानं काढा' हा निर्णय झाला, आणि तो घ्यायचा हक्क तिचा. तुमच्याकडे तिला देण्यासारखी दुसरी गोष्ट होती, जी तिला स्वतःला कधीच मिळणार नाही. पहिल्यांदा वाचताना तुमचं काय झालं, ती. 'मी नायिकेची वाट बघत होते, ती ६१व्या पानावर भेटली आणि मग पुस्तक खाली ठेवलं नाही', असं कळवलं असतं तर मजकूर तोच राहिला असता, पण पुढे काय करायचं ते तिच्या हातात राहिलं असतं. कदाचित तिने पानं काढलीच नसती, नायिकेला दहाव्या पानावर आणलं असतं. मी हे शहाणपण म्हणून सांगत नाही, मीही असाच एक मित्र गमावला आहे.

आता माझी जोडी. मी रत्नागिरीला, तो नागपूरला. सहा वर्षं चाललंय, प्रत्यक्ष भेट दोनदाच. एका दिवाळी अंकात त्याची कथा वाचली आणि अंकाच्या पत्त्यावर त्याला पत्र लिहिलं. 'कथा आवडली' एवढंच लिहिलं नाही. कुठे थांबलो, कुठलं वाक्य पुन्हा वाचलं, शेवट मला का पटला नाही, असं दोन पानं लिहिलं. शेवट पटला नाही म्हटल्यावर तो कसा उत्तर देतो यावरूनच मला माणूस कळला. त्याने लिहिलं, 'कुठून पटेनासा झाला ते सांगाल का?'

ठरवून घ्यायच्या गोष्टींत सगळ्यात महत्त्वाची म्हणजे चाचणी. आधी दोघांनी फक्त दीड-दीड हजार शब्द द्यायचे, मुदत पंधरा दिवस. नाही जुळलं तर आभार मानून मोकळं व्हायचं, आणि हे आधीच बोलून ठेवायचं. २८० पानं वाचून झाल्यावर नाही म्हणणं दोघांनाही जड जातं. देवाणघेवाण कथांच्या संख्येवर नको, शब्दांवर ठेवा. मी त्याचं वाचून परत केल्याशिवाय माझं पुढचं पाठवत नाही.

खर्ड्याच्या वर मी तीन ओळी लिहितो. हा कितवा खर्डा आहे, मला काय जाणून घ्यायचंय, आणि कशाकडे सध्या बघू नये. तुम्ही गुरुजींना 'बोली तशीच ठेवायची आहे' हे सांगितलं होतंत का? त्यांनी आयुष्यभर वह्या तपासल्या. न सांगता हातात कागद दिला तर ते वहीच तपासणार.

गूगल डॉक्सवर तो माझ्या मजकुराला हात लावत नाही, फक्त बाजूला टिपण देतो. 'इथे रेंगाळलो', 'हा कोण?', 'हे पटलं नाही', 'हे फार आवडलं'. चौथं टिपणही तितकंच लागतं, नाहीतर दुरुस्तीच्या भरात चांगलं वाक्यही कापलं जातं. आणि हो, फाइल युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे नुसत्या चिन्हांची उघडते.

टिपणं आली की दोन दिवस उत्तर द्यायचं नाही. पहिल्या दिवशी मला प्रत्येक टिपणाला बचाव सुचतो. तिसऱ्या दिवशी निम्मी टिपणं बरोबर वाटतात.

वाचनालयातली_खुर्ची

मी वयाने मोठी आहे म्हणून थोडं मागचं सांगते. हे काम आपल्याकडे पूर्वी चांगले संपादक करत. 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला पत्र लिहून कथेबद्दल सविस्तर बोलत, पुन्हा लिहायला सुचवत. १९८२ साली ते मासिक बंद झालं. आजच्या अंकाच्या संपादकाकडे ऐन पावसाळ्यात एवढ्या कथा येऊन पडतात की प्रत्येकीसाठी पत्र लिहायला त्याला सवड कुठली? तेव्हा ते काम आपणच एकमेकांसाठी करायला हवं. तुमचा धागा वाचून म्हणूनच बरं वाटलं.

शोधायचं म्हणाल तर महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या गावोगावी शाखा आहेत. तिथल्या कथावाचनाला जा, पण मंचावर बघू नका. समोर बसलेल्यांपैकी कार्यक्रम संपल्यावर नेमका प्रश्न कोण विचारतं ते बघा. मला माझी वाचक अशीच मिळाली.

पाचवा_खर्डा

आम्ही पाच जण महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटतो. सुरुवातीला 'मिलफर्ड' पद्धत वापरली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी डेमन नाइट आणि इतर विज्ञानकथा लेखकांनी १९५६ साली सुरू केलेल्या कार्यशाळेवरून तिचं नाव पडलं. सगळ्यांनी आधी वाचून यायचं, मग एकेकाने ठरलेल्या वेळात बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. ज्याची कथा आहे त्याने तोपर्यंत गप्प बसायचं, शेवटी बोलायचं. याचा फायदा खरा आहे. लेखक बोलायला लागला की कागदावर नसलेलं तोंडी सांगून टाकतो, आणि संपादकाकडे तर फक्त कागदच जाणार असतो.

पण त्याच नियमाने आमच्यातली एक जण दुरावली. ती स्वतःच्या वस्तीबद्दल लिहीत होती, आम्ही बाकी चौघं बाहेरचे. 'हे असं खरंच असतं का?' हा प्रश्न चौघांनी पाळीपाळीने विचारला आणि तिला गप्प बसून ऐकावं लागलं. त्याचा आजही मला पश्चात्ताप होतो. ती परत आली, पण पद्धत बदलून. आता आम्ही लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेची रीत वापरतो. आधी कथेतलं काय मनात राहिलं ते सांगायचं. मग लेखक आपले प्रश्न विचारतो. मग वाचक प्रश्न विचारतात, पण त्यात मत लपवायचं नाही. 'शेवट एवढा घाईत का?' हे मत झालं, 'शेवटी तिच्या मनात काय असावं असं तुला हवंय?' हा प्रश्न. आणि मत सगळ्यात शेवटी, तेही लेखकाने हो म्हटलं तरच. वेळ जास्त लागतो. आम्ही तीनऐवजी दोनच कथा घेतो.

ताई, एक वाचक तुमच्या जगातला घ्या आणि एक त्या जगाबाहेरचा.

कोरा_कागद

माझाही हाच शोध चालू आहे. पण अनोळखी माणसाला अप्रकाशित कथा द्यायची तर ती चोरीला गेली तर?

दुसरा_हात

लिहून झालं की कॉपीराइट तुमचाच, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कल्पनेवर मात्र कुणाचाच हक्क नसतो. खर्डा ईमेलने पाठवा म्हणजे तारखेसह नोंद राहते. चाचणीचे दीड हजार शब्द दिल्याने फार काही जात नाही.

मुक्कामी_गाडी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण मधल्या काळात 'दुसरा_हात' दादा आणि 'पाचवा_खर्डा' ताई दोघांशी चाचणी झाली. इथे थोडं उघड करते, कुणाला उपयोग होईल.

माझ्या कथेत नामदेव कंडक्टरला मुक्कामाच्या गावी आक्का रोज डबा पाठवते. त्या रात्री डबा येत नाही. खर्ड्यात असं होतं : 'नामदेवनं थैली उघडली. पैसे मोजले. वेबिलाशी ताडून पाहिले. जुळत होते. त्यानं परत मोजले.' त्याखाली दहा ओळी आक्काची आठवण, घशात आलेला हुंदका, अंधार.

दादांचं टिपण 'परत मोजले'पाशी होतं : 'इथेच कळलं आक्का गेली. पुढच्या दहा ओळी वाचताना तेच मला पुन्हा सांगितलं जातंय असं वाटलं.' ताईंचं टिपण नेमकं त्याच दहा ओळींवर : 'मी मुंबईची, मुक्कामी गाडी म्हणजे काय ते मला माहीत नाही. हा रात्री गावात का थांबलाय? डबा कोण पाठवतं आणि का? रडू का येतंय ते मला कळलं नाही.'

एकाला जास्त झालं, एकीला पुरलं नाही. दोन दिवस मी खरंच गोंधळले. मग लक्षात आलं की दोघंही एकाच जागी अडखळलेत, पण दुरुस्ती तिथे नाही, दोन पानं आधी आहे. पहिल्याच पानावर पावणेनऊला गाडी लागते, पोरं उतरून गेली की आक्काचा नातू डबा आणून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवतो, आणि पहाटे पहिल्या फेरीआधी नामदेव तो धुऊन तिच्या पायरीवर पालथा घालतो, एवढं लिहिलं. दहा ओळी काढल्या. काढताना जीव तुटला, त्यातल्या दोन माझ्या वडिलांच्या तोंडच्या होत्या. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्यात. 'न्हाई व्हय' जसंच्या तसं आहे, दोघांनाही ते अडलं नाही.

मैत्रिणीला काल निरोप पाठवला. तिच्या ६१व्या पानावरचा विहिरीचा प्रसंग मला अजून दिसतो आणि तो किती उशिरा भेटला याचंच मला वाईट वाटलं होतं, एवढंच लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही.

आता एक विनंती. कथा चार हजार शब्दांपर्यंत जाईल. हा दुसरा खर्डा आहे, संवादांची बोली बदलायची नाही, आणि मला एवढंच जाणून घ्यायचंय की डबा येत नाही तिथपर्यंत वाचक नामदेवसोबत आहे का. एसटीशी कधीच संबंध न आलेलं कुणी, शक्यतो महाराष्ट्राबाहेर वाढलेलं, वाचायला तयार आहे का? तेवढेच शब्द मी तुमचे वाचेन. आधी दीड हजारांची चाचणी.