भेट, आहेर की देवघेव?

प्रश्न : नाताळावरच्या लेखात मी 'व्यापारीकरण' लिहिलं, संपादकांनी 'बाजारीकरण' केलं. दोन्ही एकच ना? आणि नाताळात देतात ती 'भेट' म्हणायची की 'भेटवस्तू'?

उत्तर : एकच नाहीत. 'व्यापारीकरण' तटस्थ आहे, शेतीचंही होतं. 'बाजारीकरणा'मागे 'बाजार मांडणे' उभं असतं, त्यामुळे त्यात नाक मुरडलेलं असतं. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने १८६७ साली नाताळच्या आदल्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत विक्री चालू ठेवली, ते व्यापारीकरण. त्याच शहरात दुकानांत राबणाऱ्या बायकांना वरिष्ठांच्या भेटींसाठी पदरचे पैसे घालावे लागत. त्याविरुद्ध १९१२ साली संघटनाच निघाली. इथे मात्र तुमचे संपादक बरोबर.

आणखी एक उत्तर : 'भेटवस्तू'त फक्त वस्तू उरते. 'भेट'मध्ये माणसं भेटणंही आहे, म्हणून मला तोच शब्द आवडतो. पण नाताळाच्या सगळ्या देण्याला तो लागू पडेल असं नाही. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी बाळ येशूपुढे सोनं, ऊद आणि गंधरस ठेवला तो नजराणा. राजा मानूनच ठेवला होता. संत निकोलसाने तीन गरीब मुलींच्या घरात रात्री गुपचूप सोनं टाकल्याची आख्यायिका आहे, ते गुप्तदान. देणारा कळूच नये, तर परतफेड कुणाला करणार? सांताक्लॉज त्याच निकोलसाचा वंशज, आणि आज त्याच्या नावाने जे चालतं ते थेट आहेराच्या वळणाचं : त्यांनी केवढ्याचं दिलं, आपण केवढ्याचं द्यायचं. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली दाखवलंच होतं की देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात. म्हणजे सगळा दोष दुकानदारांच्या माथी मारता येणार नाही. तरीही यादी आधी पाठवून हवी तीच वस्तू मागवली जाते, तिथे मी सरळ 'देवघेव' लिहीन.

प्रश्नकर्ता : पटलं. 'गिफ्ट केलं' चालेल का? कानाला खटकतं.

उत्तर : बोलण्यात चालू द्या. 'मित्राला भेट दिली' म्हटलं तर वस्तू दिली की जाऊन भेटून आलात, हे कळत नाही. ती अडचण 'गिफ्ट'ने सुटते. लेखात 'भेट म्हणून दिलं' लिहा.