मुलाला सोसायला शिकवायचं, पण घरात कसं?

अबोली (सातारा)

नमस्कार. जरा मोठं लिहिते आहे, सांभाळून घ्या.

मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत आहे. ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं अवघड जातं ते), दोन्हीचं निदान सहाव्या वर्षी पुण्यात झालं. बोलतो छान. एसटीचे मार्ग, कुठली गाडी कुठल्या डेपोची, सगळं तोंडपाठ. पण ठरलेलं बदललं की कोसळतो. परवा व्हॅनवाले काका आजारी होते म्हणून त्यांचा भाऊ आला. व्हॅन तीच, वेळ तीच, तरी हा गेट धरून तासभर ओरडत राहिला. सापशिडीत सापाने गिळलं तर पट फाडला. चित्रात एक रेघ चुकली की पान चुरगाळतो आणि डोक्यात मारून घेतो.

सासऱ्यांचा नातवावर जीव आहे. पण ते म्हणतात, "तू त्याला फार जपतेस सूनबाई. जग असं जपणार नाही. थोडं सोसू दे त्याला." मला ते साफ चूक वाटत नाही, म्हणूनच झोप लागत नाही. आम्ही नसताना हा कसा उभा राहील? थेरपी आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं. बाकी सगळे तास घरातले. त्या तासांत तुम्ही नेमकं काय केलंत?

रानजाई (सांगली)

अबोली, माझा मुलगा आता १७ वर्षांचा आहे. तुमचा प्रश्न मी दहा वर्षांपूर्वी स्वतःला रोज विचारत होते. आधी माझी चूक सांगते.

तो सात वर्षांचा असताना आम्ही त्याला विसर्जनाच्या मिरवणुकीत नेलं. ढोलाला घाबरायचा, "सवय होईल" असं सगळ्यांचं मत पडलं, मीही मान डोलावली. तो कानावर हात ठेवून माझ्या पोटात डोकं खुपसत होता आणि मी त्याचे हात कानावरून काढत होते. त्यानंतर चार दिवस तो एक शब्द बोलला नाही. पुढे वर्षभर लग्नाची वरात दूरवर वाजली तरी पलंगाखाली जायचा. भीती कमी तर झाली नाहीच, तिच्यात माझीही भर पडली. आई कानावरचे हात काढते, हे त्याला कळलं. पुढे मी त्याची माफी मागितली. लहान मुलाची माफी मागायला मला दोन वर्षं लागली, याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हा ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) ताईंनी एक वही घालायला सांगितली. त्यात किती वेळा कोसळला हे लिहायचं नाही. सावरायला किती वेळ लागला आणि त्या वेळी आपण काय करत होतो, एवढंच. सुरुवातीला ५०-५५ मिनिटं असायची. दीड वर्षाने तीच गोष्ट २० मिनिटांवर आली. रडणं थांबलं नव्हतं, पण सावरण्याची वाट त्याला ओळखीची झाली होती. तुमच्या सासऱ्यांना जे सोसणं हवं आहे ते मला या वहीत दिसलं. त्यांना वही दाखवा. जुन्या माणसांना आकडा पटतो.

वादळात असताना शिकवायचं नाही. "का केलंस", "बघ सगळे बघतायत", काही नाही. दिवा मंद, आवाज बंद, आपण जमिनीवर थोडं लांब बसायचं. डोक्यात मारायला लागला तर मी मधे उशी धरायचे, हात पकडायचे नाही.

शिकवणं शांत दिवशी आणि अगदी थोडं. भिंतीवर दिवसाचा चित्रांचा तक्ता होता. त्यात आम्ही एक प्रश्नचिन्हाचं कार्ड घातलं. ते आलं की काहीतरी बदलणार. पहिला महिनाभर त्या कार्डाखाली फक्त आवडीचंच निघायचं: अभ्यासाऐवजी बर्फाचा गोळा, आंघोळीआधी पाच मिनिटं गच्ची. मग हळूच मधलंच काहीतरी, जसं की वरणाऐवजी आमटी. नावडतं शेवटी, तेही आधी सांगून. व्हॅनवाल्या काकांना विनंती करून भावाचा फोटो मागवा. एका रविवारी त्यांना नुसतं गेटपाशी येऊन बोलून जाऊ द्या.

सापशिडीचा पट १०० घरांचा नको. मी ३० घरांचा केला, दोनच साप. आणि पहिले कितीतरी डाव मी हरले, मोठ्याने हरले. "अरे देवा, साप! माझ्या छातीत धडधडतंय. थांब, मी पाणी पिऊन येते, मग फासा टाकते." हरल्यावर काय करतात हे आपण मुलांना कधी दाखवतच नाही, फक्त "रडू नको" म्हणतो. मी रांगोळी काढतानाही मुद्दाम रेघ चुकवून त्याच्यासमोर दुरुस्त करायचे.

आणखी एक. शर्टाची बटणं शिकवताना सगळी मी लावायचे, शेवटचं त्याने. मग शेवटची दोन. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पुरं व्हायचं. ज्या मुलाला दिवसभर "अर्धवट टाकलंस" ऐकावं लागतं त्याला याची फार गरज असते.

निर्मळ (ठाणे, स्पेशल एज्युकेटर)

रानजाईताईंच्या लिहिण्याला पुस्ती. अबोलीताई, कोसळण्याच्या वेळा बघा. शाळेतून आल्यावरच्या तासाभरात जास्त असतील तर तो दिवसभर स्वतःला आवरून थकलेला असतो. त्या वेळी प्रश्न नको, अभ्यास नको, खाणं आणि शांतता. काही मुलांना जोराची कामं निववतात: कणीक तिंबणं, पाण्याची बादली उचलून नेणं, गादी ढकलणं. त्याला काय मानवतं ते बघा.

कोसळणं अचानक वाढलं तर शरीर तपासा. बद्धकोष्ठता, दात, कान, झोप. पोटात दुखतंय हे ओळखणंच अनेकांना जमत नाही. डोक्यात मारणं डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला.

"आम्ही नसताना" याबद्दल: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, नुसतं एडीएचडी वेगळं नाही. ऑटिझमचं प्रमाणपत्र काढून ठेवा. त्यावर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना मिळते, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

संथ_वाहते (पुणे)

मी आई नाही. मी २६ वर्षांची आहे, माझं ऑटिझमचं निदान २३व्या वर्षी झालं. लहानपणी मला सोसायला लावलं आणि मी सोसते असं सगळ्यांना वाटलं. मी फक्त चेहरा सरळ ठेवायला शिकले होते. कॉलेजात गेल्यावर एका सकाळी अंथरुणातून उठताच येईना, तेव्हा घरच्यांना कळलं.

मला बळ आत्याने दिलं. लग्नकार्याला नेताना ती आधी खरं सांगायची. किती वाजेपर्यंत, कोण कोण असेल, गालाला हात कोण लावेल. आणि म्हणायची, "नको झालं की माझा पदर ओढ, आपण निघू." पहिल्या लग्नात मी अक्षता पडायच्या आधीच ओढला. ती खरंच उठली, जेवणही सोडून. पुढच्या लग्नाला मी पंगतीपर्यंत थांबले. निघता येतं हे ठाऊक होतं म्हणून थांबता आलं. अबोलीताई, त्याला त्याचा पदर द्या.

अबोली (सातारा)

तिघींचे आभार कसे मानू. आत्याचा भाग मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, उठून गच्चीवर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ३० घरं आखली. स्वारगेट ते सातारा. कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, सुरूर, पाचवड, सगळं. साप नाहीत. खंबाटकीच्या चढाला लिहिलं, "गाडी गरम झाली, परत शिरवळ."

काल त्याची सोंगटी नेमकी तिथे पडली. रडला, फासा फेकला, कॉटमागे जाऊन बसला. आजोबा जागचे हलले नाहीत, नुसते बसून राहिले. वहीत लिहिलंय, २६ मिनिटं. मग हा बाहेर आला आणि म्हणाला, "आजोबा, गाडी गरम झाली तर शिरवळला परत नेत नाहीत. तिथेच थांबवून रेडिएटरमध्ये पाणी घालतात."

त्यांनी ते घर खोडून नवीन लिहिलं. आता तिथे एक डाव थांबायचं आणि ज्याची गाडी असेल त्याने खरंच पाणी प्यायचं.